काटा आणि गुणफलक



आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीला गेलो, ते शाळकरी मुलांच्या सांघिक ग्रंथ-प्रश्नमंजूषेचे संचालन करायला. मुलूख आंब्याचा नि भाताचा, उसाचा नव्हे. पण वाचनाचे पीक इथे जुने. नगर वाचनालय १८२८ सालचे. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, केशवसुत जवळच्या मालगुंडचे, साने गुरुजी दापोलीकडच्या पालगडचे. प्रश्नांना काय तोटा?

तीन मुलांचा संघ, विचारविनिमयाला तीस सेकंद, उत्तर संघप्रमुखाने द्यायचे. चुकले तर प्रश्न पुढच्या संघाकडे. नियम सोपे होते. घोटाळा झाला तो आमच्याच हातून.

‘श्यामची आई’ कोणत्या सालची, असे आम्ही विचारले. एका संघाने १९३३ सांगितले. आमच्या कागदावर १९३५ होते. ‘चूक’ म्हणून आम्ही मोकळे झालो. पुढच्या संघाने १९३५ म्हटले नि गुण नेले. तोच पहिल्या संघातली एक मुलगी उठली.

“सर, गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात तेहेतीस सालीच लिहिलं. छापलं पस्तीसला. तुम्ही नेमकं काय विचारलंत?”

सभागृह चिडीचूप. पोरीचे म्हणणे रास्त होते. लिहिले कधी की छापले कधी, हे आम्ही म्हटलेच नव्हते. आम्ही चूक कबूल केली आणि दोन्ही संघांना गुण दिले.

मंडळी, काट्यावर गाडी चढली की आपली नजर कुठे असते? वर्षाची मेहनत तिथे मोजली जाते. पोरांचंही तसंच. काट्याबद्दल शंका आली तर काटा तपासायचा, गाडीवाल्याला गप्प बसवायचे नाही.

शेवटचा प्रश्न मात्र आम्ही शब्द तोलून विचारला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, तेव्हा मंडालेचा कोणता पदच्युत राजा रत्नागिरीत नजरकैदेत होता? उत्तर : थिबा राजा. १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत तो इथेच होता. तिकडचा इकडे, इकडचा तिकडे! मुले खूश झाली.

आपल्या गावच्या वाचनालयातही अशी स्पर्धा घेता येईल. खर्च फारसा नाही. प्रश्नाला एकच उत्तर निघेल असे शब्द योजावेत, उत्तराशेजारी पुस्तकाचे पान टिपावे आणि पुस्तक टेबलावर ठेवावे. कुणी पोर हरकत घेऊन उठले, तर आधी त्याचे ऐकावे. ते पोर वाचून आलेले असते.