सतरा अंकांची एक डौलदार संख्या

श्रोतेहो, एक संख्या आपल्यापुढे मांडतो: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांप्रमाणे एकं, दहं असे मोजत गेले, तर तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. परार्ध तेथून एकच घर पुढे. लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिरापुढील पुष्करणीत आपण पायऱ्या उतरतो आणि पुन्हा चढून वर येतो. येथे क्रम उलटा आहे: एकापासून नवापर्यंत चढावयाचे व पुन्हा एकापर्यंत उतरावयाचे.

ही संख्या आली कोठून? एकाचा आकडा नऊ वेळा लिहावा आणि त्या संख्येचा वर्ग करावा. यात दैवी असे काही नाही. लहान उदाहरण घेऊ: १११ गुणिले १११. पाटीवर मांडले, तर १११ हीच ओळ तीनदा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. उभ्या बेरजा करा: १, २, ३, २, १. उत्तर १२३२१. नऊ आकडे घेतले, की मधल्या घरात नऊ एक जमतात. तेच आपले शिखर.

आता कोणी म्हणेल, आकडे दहा घेतले, तर डौल आणखी वाढेल! करून पाहा. मधल्या घरात दहा होतात. तेथे शून्य मांडून हातचा एक पुढे जातो. पुढच्या घरातील नवाचेही दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढील आठाचे नऊ होतात आणि मग हातचा संपतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्ये बसली!

अशा संख्यांना ‘अद्भुत डेमलो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील डेमलो या रेल्वे स्थानकावर त्यांना हा विषय सुचला, म्हणून हे नाव. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर देवळालीस शाळामास्तर होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. आता १११११११११ म्हणजे १२३४५६७९ ची नऊपट. वर्गात तो नऊ दोनदा येतो, म्हणून ८१ ने भाग जाणारच. आपली संख्या डेमलो तर आहेच, हर्षदही आहे.

हे सारे पोरखेळ आहेत, असे म्हणणारे विद्वान होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: हा डौल संख्येपेक्षा आपल्या दशमान लेखनाचा अधिक. बाराच्या पटीने घरे मांडली असती, तर हातचा उशिरा आला असता आणि शिखर अकरापर्यंत चढले असते. परंतु दशमान लेखनाची मर्यादा जेथे उघडी पडते, तेथेच मुलाला स्थानमूल्य खरे कळते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. मास्तरांना त्यासाठी कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न एवढेच पुरले होते. आज घरी गेल्यावर मुलांना दहा एकांचा वर्ग करावयास सांगा. उत्तर मात्र आधी सांगू नका.