घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की त्याला ‘कुंभकर्ण’ ही पदवी सहज बहाल होते. जैन वाचकाला मात्र ती थोडी खटकायला हवी. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत महाकाव्यात श्रेणिक राजा गौतम गणधरांपुढे हीच शंका मांडतो. सहा-सहा महिने झोपणाऱ्या कुंभकर्णाची लोकप्रसिद्ध कथा खरी मानावी काय, असे तो विचारतो आणि गणधर ती असत्य ठरवतात. दिगंबर परंपरेनुसार तर कुंभकर्ण बडवानीजवळच्या चूलगिरीवरून मोक्षाला गेले. जी चिकित्सक दृष्टी त्या कथेला लावली गेली, तीच आपल्या घरांतील एका समजुतीलाही लावणे अगत्याचे आहे. ‘घोरतो आहे, म्हणजे गाढ झोपला आहे’ ही ती समजूत. अनेकदा वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

याचे कारण घशाच्या रचनेत आहे. नाकाच्या पोकळीला हाडांची व कूर्चेची चौकट आहे. श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. या दोहोंमधील घसा मात्र मऊ स्नायूंची नळी आहे. वर मृदू टाळू व पडजीभ, पुढे जिभेचे बूड, दोन्ही बाजूंना टॉन्सिल आणि मागे घशाची भिंत. जिभेच्या मुळाशी एक छोटे कमानदार हाड आहे खरे, परंतु तेही दुसऱ्या कोणत्याच हाडाला सांधलेले नाही. स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने ते अधांतरी असते. ही लवचीकता गरजेचीच आहे. नळी ताठ असती तर घास नीट गिळता आला नसता आणि स्तोत्राचे उच्चारही स्पष्ट झाले नसते.

जागेपणी घशाचे स्नायू ही वाट उघडी ठेवतात. हनुवटीच्या आतील बाजूपासून जिभेत शिरणारा स्नायू जिभेला पुढे ओढून धरतो. झोपेत हे सर्व स्नायू सैलावतात. उताणे झोपल्यास जीभ व टाळू मागे सरकतात आणि वाट अरुंद होते. मऊ नळीने घट्ट सरबत ओढू गेल्यास नळी जशी चपटी होते, तसाच श्वास आत ओढताना घसा आकसतो. अरुंद वाटेतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे टाळू व पडजीभ थरथरतात. त्या थरथरीचा आवाज म्हणजेच घोरणे.

केवळ घोरणे हा प्रत्येक वेळी आजार नसतो. परंतु वाट पूर्ण बंद होऊन श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबू लागला, की त्यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठरतात आणि माणूस मोठा उसासा टाकून पुन्हा घोरू लागतो. हे त्याला सकाळी आठवतही नाही. श्वास बंद होण्याचे वा क्षीण होण्याचे असे प्रसंग तासाला ५ हून अधिक घडल्यास आजाराची नोंद होते. ३० च्या पुढे तो तीव्र मानला जातो. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढतो. हृदयविकार, पक्षाघात आणि वाहन चालवताना डोळा लागण्याचा धोकाही वाढतो.

स्थूलता आणि जाड मान ही प्रमुख कारणे आहेत; परंतु खालचा जबडा लहान वा मागे असल्यास सडपातळ व्यक्तीलाही हा त्रास होतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही त्याचे प्रमाण वाढते. तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ कितपत दिसते, यावरून घशातील जागेचा अंदाज घेतात. ही चार पायऱ्यांची वर्गवारी भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ डॉ. शेषगिरी मल्लमपती यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा मूळ लेख १९८५ चा. निश्चित निदान मात्र रात्रभराच्या निद्रा-तपासणीनेच होते.

येथे कुटुंबाची जबाबदारी सुरू होते, कारण रुग्ण स्वतः साक्षीदार नसतो. घोरणे, अचानक शांतता आणि मग धाप लागल्यासारखा श्वास, हा क्रम ऐकणारी व्यक्ती शेजारीच असते. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे हीही लक्षणेच. प्रवचनात डुलकी घेणाऱ्यास आणि सामायिकात माळ हातातून गळणाऱ्यास आपण प्रमादी म्हणून मोकळे होतो. प्रमादाचा ठपका ठेवण्यापूर्वी त्याची रात्र कशी जाते, हे विचारावे.

वजन घटवणे, हा मुख्य उपाय. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना भरल्या पोटी आडवे होणे आपोआप टळते. मद्य घशाचे स्नायू आणखी सैल करते. निर्व्यसनी माणसाने झोपेच्या गोळ्यांबाबतही तीच सावधगिरी बाळगावी. कुशीवर झोपल्याने अनेकांना आराम पडतो. मुनींच्या क्षितिशयन या मूलगुणात एका कुशीवर झोपण्याचा निर्देश आहे. त्याचा हेतू संयम आहे. गृहस्थाने ती सवय आरोग्यासाठी लावावी.

मध्यम व तीव्र आजारात ‘सीपॅप’ यंत्र सर्वांत परिणामकारक ठरते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत साधी आहे. नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा येते आणि घशाची नळी फुगलेली, म्हणजेच उघडी राहते. काहींना खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधन चालते, तर निवडक रुग्णांना शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

हे यंत्र रोज वापरायचे असते; तीर्थयात्रेला वा शिबिराला जातानाही ते सोबत न्यावे. कोणतीही शस्त्रक्रिया होण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना या आजाराची कल्पना द्यावी, कारण भुलीची औषधेही घसा सैल करतात. आज रात्री आपल्या घरात कोणी घोरत असेल, तर कानांवर उशी घेण्याआधी काही मिनिटे त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे. तो मध्येच थांबत असेल, तर सकाळी चेष्टा न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.