संगणकाची नोकरी आणि कलेची उपासना

हिंजवडीच्या कचेऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणारी तरुण मंडळी आपल्याच घरांतली आहेत. त्यांत कोणी पेटी शिकलेला असतो, कोणाला छायाचित्रांचा नाद असतो. नोकरी लागते, पेटीवर धूळ बसते, कॅमेरा कपाटात जातो. दोष आपण आळसाला देतो. आमच्या मते हे निदान उतावळेपणाचे आहे.

प्रथम या नोकरीचे स्वरूप पाहू. कारकुनाची फाईल संध्याकाळी मिटते. न सुटलेली आज्ञावली मात्र डोक्यात बसून घरी येते. शिवाय न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे साडेनऊ ते साडेदहा तास. तिथली सकाळची बैठक म्हणजे येथली रात्र! या माणसापाशी वेळ थोडा, आणि त्या वेळात चित्त त्याहून थोडे.

बुद्धीचे मात्र येथे वैर नाही. स्वरांचे संबंध नियमांत मांडता आले तर यंत्र संगीतही रचू शकेल, ही कल्पना एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीने १८४३ सालीच मांडली होती. मध्य षड्जाच्या दुप्पट कंपनसंख्या म्हणजे तार षड्ज. कॅमेऱ्याचा पडदा एक साठांश सेकंदाऐवजी एक तीसांश सेकंद उघडा ठेवला, की प्रकाश दुप्पट. दुपटीचा हा हिशेब संगणकवाल्याला परका नाही. ओढाताण आहे ती वेळेची.

आता या दोन कलांच्या मागण्या निरनिराळ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. गळा आणि बोटे रोजची सेवा मागतात. रविवारचे चार तास रोजच्या अर्ध्या तासाची भरपाई करीत नाहीत. म्हणून रियाज कचेरीच्या आधी, चित्त ताजे असताना करावा. छायाचित्रकला प्रकाशाच्या अधीन. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश आठवड्यातून एकदा गाठला तरी चालतो. मात्र चित्रांची निवड पुन्हा संगणकाच्या पडद्यावरच होते. ती दमलेल्या डोळ्यांनी रोज रात्री करू नये.

पूर्वसूरींचे दाखलेही बोलके आहेत. बोरोदिन हा रशियन रसायनशास्त्राचा प्राध्यापक. 'प्रिन्स इगोर' हे संगीतक त्याने १८६९ साली हाती घेतले. १८८७ साली तो वारला तेव्हा ते अपुरेच होते. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी ते पुरे केले. आमचे वसंतराव देशपांडे यांनी लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केली आणि गाणे जिवंत ठेवले. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, तेव्हा त्या तयारीचे फळ महाराष्ट्राने ऐकले. संगणकशास्त्रातले थोर पंडित डोनाल्ड नूथ यांनी घरात पाइप ऑर्गन बसविला. त्या वाद्यासाठी त्यांनी रचलेली प्रदीर्घ कृती २०१८ साली स्वीडनमध्ये प्रथम वाजविली गेली.

यांतून बोध कोणता? फावल्या वेळच्या कलावंताने पुऱ्या होतील अशा कामांपासून आरंभ करावा: एक राग, एका पेठेतली वीस चित्रे. घराचे हप्ते फिटण्यापूर्वी नोकरी झुगारणे हे शौर्य नव्हे. आणि "निवृत्त झालो की गाऊ" ही आशाही फसवी, कारण गळा कोणाची वाट पाहत नाही.

शेवटी घरच्यांना एक विनंती. पहाटेचा तो अर्धा तास दुधाच्या पिशव्या आणण्यासाठी मागू नका. तेवढा सोडलात, तर घरातल्या पेटीवर धूळ बसणार नाही.