ठोक फी आणि संमतीचा घटस्फोट
घर, नाती आणि कायदा : लेखांक ९

मागच्या दोन लेखांकांत आपण लढवल्या जाणाऱ्या घटस्फोटाबद्दल बोललो. क्रूरतेचे आरोप, साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि वर्षानुवर्षं पडत राहणाऱ्या तारखा. आज दुसरं टोक पाहू. नवरा-बायको दोघांचंही ठरलेलं आहे, आता फक्त कायद्याने मोकळं व्हायचं आहे. कोर्टाच्या आवारात याला सगळे ‘म्युच्युअल’च म्हणतात. आणि म्युच्युअलसाठी वकील बहुधा ठोक फी सांगतात: अमुक रक्कम द्या, त्यात सगळं आलं.

लढतीच्या दाव्यात शेवटी किती पैसे जातील याचा अंदाज कुणालाच नसतो. त्यामुळे ठोक आकडा ऐकला की माणसाला हायसं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. माझं मत विचाराल तर संमतीच्या घटस्फोटाला ठोक फीच योग्य. मात्र त्या ‘सगळं’मध्ये काय काय धरलं आहे, हे लेखी घेतल्याशिवाय वकीलपत्रावर सही करू नका.

ठोक फी इथे का जमते, ते कामाच्या स्वरूपावरून कळतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीचं कलम १३-ब त्यात १९७६ मध्ये आलं. लग्नाला एक वर्ष झालेलं हवं, दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवेत आणि पुन्हा एकत्र नांदणं शक्य नाही हे दोघांनी मिळून सांगायला हवं. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या छताखालीच राहणं असं नाही. मुंबईत दुसरं घर भाड्याने घेणं न परवडणारी कितीतरी जोडपी एकाच घरात राहतात, पण पती-पत्नी म्हणून नाही. तसं राहणंही कायद्याला चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे.

दोघांच्या सहीची याचिका दाखल होते, विवाह समुपदेशकासमोर बसावं लागतं, मग सहा महिने थांबायचं आणि दुसऱ्या वेळी न्यायाधीशांसमोर संमती कायम असल्याचं सांगायचं. ही दुसरी पायरी याचिका दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत व्हावी लागते. पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी हे काम कौटुंबिक न्यायालयात चालतं. जिथे ते नाही, तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेल्यांसाठी कलम २८ मध्ये अशीच सोय आहे. ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, मुस्लिमांमध्ये मुबारात, म्हणजे परस्पर संमतीचा तलाक आहे, आणि गोव्यातल्या वाचकांना तिथला नागरी कायदा लागू होतो. या लेखात मी हिंदू विवाह कायद्यापुरतंच लिहितो आहे.

थोडक्यात, सगळं सुरळीत असेल तर वकिलाला उभं राहण्याचे प्रसंग मोजके असतात. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, म्हणून फी आधी ठरवता येते. खरं तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील असलाच पाहिजे असंही नाही. पक्षकार स्वतः उभे राहू शकतात. मूल नाही, घर नाही, कर्ज नाही, पोटगीचा प्रश्न नाही, अशा दोन कमावत्या माणसांनी याचिका स्वतः दाखल केली तरी फारसं बिघडत नाही. बाकीच्यांनी वकील घ्यावा असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण याचिका नाही, तिला जोडलेल्या तडजोडीच्या अटी आहेत.

याचिका जवळजवळ ठरलेल्या साच्यातली असते. नावं, तारखा, पत्ते बदलले की झाली. तुमचं पुढचं आयुष्य बांधलं जातं ते तडजोडीच्या अटींमध्ये. स्वस्त पॅकेजमध्ये नेमक्या याच अटी कुठल्यातरी जुन्या प्रकरणातून उचलून चिकटवल्या जातात. एक अट नेहमी दिसते: ‘मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील.’ वाचायला बरी वाटते. मूल दहावीत गेल्यावर क्लासची फी हा शिक्षणाचा खर्च आहे का, यावर दोघांचं वाजतं. मग इंजिनिअरिंगचं वसतिगृह येतं. पैसे शाळेला थेट द्यायचे की आईच्या खात्यात, हेही लिहिलेलं नसतं. नीट लिहिलेली अट अशी असते: शाळा आणि महाविद्यालयाची फी, वह्या-पुस्तकं, प्रवास आणि एक शिकवणी, पदवी पूर्ण होईपर्यंत, फीची पावती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आईच्या अमुक खात्यात जमा, दरमहाच्या खर्चाची रक्कम वेगळी आणि ती दरवर्षी अमुक टक्क्यांनी वाढेल. या चार ओळी लिहायला वकिलाला तुमच्याशी तासभर बोलावं लागतं. तुम्ही पैसे मोजता ते या तासाचे.

घराचं तर त्याहून अवघड. दोघांच्या नावावर फ्लॅट, त्यावर गृहकर्ज, आणि अटींमध्ये एवढंच: ‘फ्लॅट पत्नीचा राहील, उर्वरित हप्ते पत्नी भरेल.’ कोर्टाने हुकूमनामा दिला तरी बँक या अटीला बांधील नसते. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत तोवर बँक दोघांनाही जबाबदार धरते. तीन वर्षांनी हप्ते थकले की नोटीस त्या माणसालाही जाते ज्याने घर कधीच सोडलं, आणि सिबिलचा गुण त्याचाही घसरतो. तेव्हा सहकर्जदाराचं नाव कमी करायला बँक तयार आहे का, हे याचिका दाखल करण्याआधी लेखी विचारून घ्या.

याच फ्लॅटबद्दल आणखी एक. महाराष्ट्रात निवासी घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, काही ठिकाणी लागणारा अधिभार वेगळा. पण ही सवलत पती-पत्नीच्या नात्याला आहे, आणि हुकूमनामा झाला की ते नातं उरत नाही. त्यामुळे हस्तांतर पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या काळात, शक्यतो दुसऱ्या तारखेच्या तोंडावर करावं आणि तसं अटींमध्ये लिहून घ्यावं. देणाऱ्याला धास्ती असते की घर नावावर झाल्यावर समोरचा संमती काढून घेईल. ती धास्ती खोटी नाही, कारण हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून एकरकमी पोटगीचा शेवटचा हप्ता दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने देण्याची पद्धत आहे. घराच्या बाबतीतही दोघांचं संरक्षण होईल अशी वेळ वकिलाने बसवून द्यायला हवी.

आता फीकडे. पुण्यात-मुंबईत संमतीच्या घटस्फोटासाठी काही हजारांपासून लाखाच्या पुढेही फी सांगितली जाते. आकडा कितीही असो, पुढच्या गोष्टी त्यात आहेत की बाहेर, हे विचारा. सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अर्ज: सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही मुदत सक्तीची नसल्याचं ठरवलं. याचिकेआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न खरोखर मिटला असेल आणि समेटाचे प्रयत्न संपले असतील, तर न्यायालय ती माफ करू शकतं. अर्ज वेगळा करावा लागतो, युक्तिवादही होतो. एक पक्षकार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र आणि व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी. एखादा तारखेला आलाच नाही तर पुढच्या तारखेचे पैसे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आधीची फौजदारी तक्रार.

पत्नीच्या छळाचा गुन्हा (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) आपल्याकडे आपसांत मिटवून पोलीस ठाण्यातून मागे घेता येत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयातच जावं लागतं, मग ते मुंबई असो, नागपूर असो, छत्रपती संभाजीनगर की कोल्हापूर. ते स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचा वकील आणि फी बहुधा स्वतंत्र असते. अनेकांना हे घटस्फोट झाल्यावर कळतं आणि मग दोघांपैकी कोण पैसे भरणार यावर नव्याने वाद होतो. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रलंबित असेल तर तोही वेगळा काढून घ्यावा लागतो.

फीचे टप्पे करा. काही रक्कम दाखल करताना, काही दुसऱ्या पायरीला, आणि उरलेली रक्कम हुकूमनाम्याची नक्कल हातात आल्यावर. पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाला सरळ नकार द्या. दाव्याच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी राहिली म्हणून वकील तुमचे मूळ कागद अडवूनही ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तसा निकाल दिला आहे.

खर्च वाचवायला दोघं मिळून एकच वकील करतात. याचिका संयुक्त असल्याने ते चालतं, पण अटींवर मतभेद झाला तर तो वकील कुणाचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून ज्याची कमाई कमी आहे त्याने, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा बायको असते, सही करण्याआधी अटी दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्याव्यात. त्यासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तिचं उत्पन्न किती आहे हे त्यासाठी पाहिलं जात नाही.

सगळ्यात स्वस्त पॅकेजबद्दल कळकळीने सांगतो. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, झाला घटस्फोट, असं सांगणारे आजही भेटतात. सिद्ध करता येईल अशी जातीतली रूढी असल्याशिवाय त्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरतं आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होतो. यात सर्वाधिक सोसते ती त्या दुसऱ्या लग्नात आलेली मुलगी, जिने काहीच चूक केलेली नसते.

हुकूमनामा झाल्यावर प्रमाणित नक्कल एकच घेऊन थांबू नका, तीन-चार घ्या. पासपोर्ट, बँक, सोसायटी, मुलाची शाळा, सगळीकडे ती मागतात. भविष्य निर्वाह निधी आणि विम्यावरची नामनिर्देशनं त्याच आठवड्यात बदला, ती आपोआप बदलत नाहीत. कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे पुनर्विवाहासाठी अपिलाची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या लेखांकात मुलांचा ताबा आणि भेटीचे दिवस यांबद्दल बोलू. तोवर तुमच्या ओळखीत कुणाचं म्युच्युअल चालू असेल, तर त्यांना तडजोडीच्या अटींचा मसुदा एकदा शांतपणे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा.