भिलाई ते मुंबई : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

भिलाई (छत्तीसगड) : मुंबई आणि रायपूर या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 955 किलोमीटर आहे. ताशी सव्वाआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवासी विमानाने ते सव्वा तासाच्या आत कापावे, असे गणित सांगते. प्रत्यक्षात वेळापत्रकात पावणेदोन ते दोन तास दिलेले असतात.

हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर. विमान मात्र ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जाते. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावर उभे राहीपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, चढण, उतरण आणि उतरण्यासाठीची प्रतीक्षा त्यात येते. वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहत असल्याने मुंबईहून येणाऱ्या विमानाला ते साहाय्यक ठरतात, तर परतीच्या विमानाला विरोध करतात.

भिलाईकरांसाठी या हिशेबात आणखी एक भर पडते. शहराच्या उत्तरेस नंदिनी येथे धावपट्टी असली, तरी तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे रायपूरजवळील माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ गाठावा लागतो. तो रस्त्याने 40 ते 50 किलोमीटर पूर्वेला आहे. म्हणजेच पश्चिमेकडील महाराष्ट्रात जाण्यासाठी आधी उलट दिशेने प्रवास करावा लागतो.

विमानतळापर्यंत सव्वा तास, उड्डाणापूर्वी दोन तास, विमानात दोन तास आणि सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास धरला, तर मुंबईसाठी पावणेसहा तास होतात. हावडा–मुंबई लोहमार्गावरील दुर्ग स्थानकातून हेच अंतर सुमारे 1,100 किलोमीटर असून एक्सप्रेस गाड्यांना साधारणतः 16 ते 20 तास लागतात. येथे विमानाचा लाभ निर्विवाद आहे.

नागपूरचे गणित वेगळे आहे. रायपूर–नागपूर हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर, तर दुर्ग–नागपूर रेल्वे अंतर सुमारे 265 किलोमीटर आहे. विमानाचा एक तास धरला, तरी वरील सर्व टप्पे मिळून पावणेपाच तास होतात. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेली बिलासपूर–नागपूर वंदे भारत एक्सप्रेस दुर्गहून सुमारे साडेतीन तासांत नागपूरला पोहोचते. स्थानकापर्यंतचा अर्धा तास मिळवला, तरी रेल्वेच सरस ठरते.

रुग्णाला उपचारासाठी नेताना किंवा परीक्षेला वेळेवर पोहोचताना हा फरक निर्णायक ठरू शकतो. अशा वेळी तिकिटावर छापलेला उड्डाणाचा कालावधी न पाहता घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण वेळ मोजणे अधिक हिताचे आहे.