विष पचवणारा जिवाणू

गॅमॅक्झिनची पावडर आठवते? आपल्या आजोबांच्या पिढीने ती पोखर्णीसारख्या गावांतून कापूस-ज्वारीवर धुरळली. १९९७ मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. तिच्यातले कीड मारणारे रसायन म्हणजे लिंडेन. एक टन लिंडेन काढताना ८ ते १२ टन विषारी कचरा उरतो. लखनौजवळच्या उम्मरी गावात असाच कचरा उघड्यावर टाकला गेला.

आता गंमत बघा! त्याच मातीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांना हे विष पचवणारा जिवाणू सापडला. २००९ मध्ये त्याचे बारसे झाले, स्फिंगोबियम उम्मरीएन्स. गावाचे नाव थेट शास्त्रात!

हा करतो काय? लिंडेनच्या रेणूत सहा कार्बनचे कडे आणि त्यावर सहा क्लोरीन. 'लिन-ए', 'लिन-बी' ही विकरे क्लोरीन काढू लागतात आणि पुढे कडे तुटले की कार्बन हे जिवाणूचे जेवण. मात्र कचऱ्यातला 'बीटा' प्रकार भलता चिवट, सहजी तुटत नाही. शिवाय ओलावा, हवा, नायट्रोजन कमी पडला की काम थंडावते.

तेव्हा भावी इंजिनिअर मंडळी, प्लांट उभारताना मालाबरोबर कचऱ्याचाही हिशोब मांडा. सगळी घाण जिवाणू निस्तरेल, या भरवशावर राहू नका!