सरासरी आणि सुबत्ता

एखादे शहर समृद्ध झाले असे केव्हा म्हणावे? तेथील सर्वांचे उत्पन्न एकत्र करून त्यास कुटुंबांच्या संख्येने भागले की सरासरी निघते. ती वाढली म्हणजे सर्वांचीच भरभराट झाली, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु हा हिशेब पुष्कळदा फसवा ठरतो.

लालबागच्या चाळीतील पाच बिऱ्हाडे कल्पनेत आणावीत. त्यांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे १०, १२, १५, १८ व २० हजार रुपये आहे. एकूण ७५ हजार. म्हणजे सरासरी १५ हजार. पुढे समोर उंच इमारत झाली आणि तेथे ५ लाख २५ हजार रुपये मिळविणारे एक बिऱ्हाड राहावयास आले. आता एकूण उत्पन्न ६ लाख व सरासरी १ लाख झाली. चाळीत मात्र कोणाच्याही घरी एक रुपयाही अधिक आला नाही!

उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यामागील वस्तुस्थिती खरी आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि परळ-लालबागचा परिसर 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या श्रमांवर शहराचे वैभव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, दुकाने व उत्तुंग इमारती आल्या. जमिनीचे मोल वाढले; पण काम सुटलेल्या अनेक हातांना पूर्वीसारखे काम पुन्हा मिळाले नाही.

म्हणूनच सरासरीच्या जोडीला इतर मापे वापरतात. चढत्या क्रमाने मांडलेल्या उत्पन्नांतील मधल्या संख्येस 'मध्यक' म्हणतात. वरील उदाहरणात तो १५ हजारांवरून केवळ साडेसोळा हजारांवर जातो. जागतिक बँकेने २०१३ मध्ये तळच्या ४० टक्के लोकांच्या उत्पन्नातील वाढ हे सामायिक समृद्धीचे माप मानले.

प्रदेशांतील विषमताही मोजता येते. महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन इत्यादी बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे, हे तिने १९८४ च्या अहवालात दाखविले. या तुटीस 'अनुशेष' हे नाव रूढ झाले. येथे सरासरीच उपयोगी पडली, कारण तिच्या खाली कोण राहिले हे पाहिले गेले.

सुबत्ता मोजताना शेवटच्या बिऱ्हाडापर्यंत जावे लागते, ते याचसाठी.